कापूर, दिवा आणि वाटा

भीमगीतं सोपी असतात, असं पुष्कळ शिकलेली माणसं म्हणतात. पेटी, ढोलकी, चार टाळ्या आणि बाबासाहेबांचा जयजयकार, की झालं गाणं. त्यात अर्थ शोधायचा तो काय, असा त्यांचा सूर असतो. आम्ही वणीची माणसं. आमच्या घराची दोन पिढ्यांची पोटं कापसाच्या वेचणीवर, राजूरच्या चुनाभट्टीवर आणि कोळशाच्या खाणीवर भरली. आमच्या घरात पुस्तकं उशिरा आली, गाणी आधी आली. म्हणून या गाण्यांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

ही गाणी वरून सोपी आहेत हे खरं. पण एखादा शब्द असा बसलेला असतो की त्याला कुलूप असतं. त्या कुलपाची किल्ली शब्दकोशात सापडत नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या कनवटीला असते. ती माणसं आता एकेक करून चालली आहेत. आमच्या लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

आमचा पुतण्या नागपूरला कॉलेजात शिकतो. कानात वायरी घालून इंग्रजी गाणी ऐकतो. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला तेव्हा म्हणाला, “काका, बॉब डिलन म्हणून एक गाणारा आहे. त्याच्या गाण्यांचा अर्थ लावायला विद्यापीठात वर्ग भरतात. आपल्या गाण्यांत तसं काही नसते.” आम्ही रागावलो नाही. म्हटलं, सांग बाबा तुझ्या डिलनची गोष्ट. घरातली सगळी माणसं अंगणात बसून ऐकू लागली.

गोष्ट ऐकण्यासारखीच आहे. डिलन १९४१ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जन्मला. त्याचं मूळ नाव रॉबर्ट झिमरमन. गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन तो जुन्या लोकगीतांच्या वळणावर स्वतःची गाणी रचून गाऊ लागला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला काळ्या बांधवांचा प्रचंड मोर्चा निघाला. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जगप्रसिद्ध भाषण झालं ते तिथंच. त्याच सभेत हा गोरा पोरगाही गायला. पुढं १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकगीतांच्या महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला. जुन्या चाहत्यांतल्या काहींनी आरडाओरडा केला, पण लोकगीत आणि रॉक यांचा संसार सुरू झाला. त्याची गाणी दिवसेंदिवस कोड्यासारखी होत गेली. कुणी अर्थ विचारला की तो उडवाउडवी करी. २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. आयुष्यभर गाणी म्हणणाऱ्या माणसाला साहित्याचं नोबेल!

पुतण्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. या डिलनचं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हणजे प्रश्नांची माळ आहे, आणि उत्तर त्यानं वाऱ्यावर सोडून दिलेलं आहे. पण त्या गाण्याची चाल त्याची स्वतःची नव्हे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं एक जुनं गाणं होतं. लिलावाच्या ओट्यावर आता पुन्हा उभं राहणं नाही, अशा आशयाचं. त्या चालीवरून ही चाल आली. हे ऐकून आम्हाला महात्मा फुले आठवले. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मोकळं करण्यासाठी झीज सोसली, त्यांना जोतिबांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. म्हणजे ओळख जुनीच निघाली.

आमच्या आत्याबाई इतका वेळ गहू निवडत बसल्या होत्या. वयाची ऐंशी ओलांडलेली, अक्षरओळख नाही. त्या मान वर न करता म्हणाल्या, “म्हंजे आपल्या वामनदादासारखाच हाय म्हना तो.”

वाचक बंधू-भगिनींनो, तेव्हापासून आमच्या घरात वामनदादांच्या गाण्यांचा जो शोध सुरू झाला, तो अजून चालू आहे.

लोककवी वामनदादा कर्डक हे नाव आपल्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. पण नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. पोट भरायला मुंबईला गेले, मिळेल ती मजुरी केली. शाळा पाहिलेली नव्हती. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हाती दिलं. वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडं ते अक्षरं गिरवायला लागले आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. ज्या माणसाला पत्र वाचता येत नव्हतं, त्यानं १९४३ साली पहिलं गाणं रचलं. तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन. लोक हसले, त्यांना आवडलं. तिथून जे सुरू झालं ते १५ मे २००४ रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेईपर्यंत थांबलं नाही. गावोगाव हिंडले, जिथं जयंती तिथं वामनदादा. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ ही पुस्तकं निघाली. पण पुस्तकात मावली त्याहून किती तरी गाणी लोकांच्या तोंडी आणि लोकांच्या वह्यांत राहिली. दारूवर, हुंड्यावर, कष्टावर, शिक्षणावर, बाबासाहेबांवर, बुद्धावर, सगळ्यांवर त्यांनी लिहिलं. कधी लोकगीताची चाल घेतली, कधी सिनेमाची. चाल लोकांच्या ओळखीची आणि शब्द स्वतःचा, ही त्यांची रीत. डिलननं तरी दुसरं काय केलं?

आता कुलपाची गोष्ट. गाण्यात अर्थ लपवून ठेवायची चाल आपल्याकडं फार जुनी आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि बाई ओरडत सुटते. ऐकणारे हसतात. मग कळतं की तो विंचू कामक्रोधाचा आहे. कलगीतुऱ्याच्या फडात शाहीर एकमेकांना कूट प्रश्न घालत आणि रात्र सरली तरी उत्तर सापडत नसे. आणि अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड कुणाला ठाऊक नाही? मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या आपल्या बायकोसाठी झुरतो आहे, असं वाटतं. तिच्या रूपाचं वर्णन चालतं. आणि ऐकता ऐकता बेळगाव, कारवार अशी गावांची नावं येतात तेव्हा अंगावर काटा येतो. ताटातूट नवराबायकोची राहत नाही, महाराष्ट्राची होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे गाणं अमर शेखांच्या पहाडी आवाजात मैदानं हलवून गेलं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, पण ती मैना पुरती घरी आली नाही, म्हणून गाणं अजून जिवंत आहे.

वामनदादांची कुलपं याहून साधी आहेत. एका शब्दाची. आमच्या घरात उघडलेली तीन सांगतो.

पहिलं कापराचं. एका गाण्यात वामनदादा बाबासाहेबांच्या देहाला कापराची उपमा देतात. पुतण्यानं बरोबर बोट ठेवलं. म्हणाला, “आपण बावीस प्रतिज्ञा मानतो. देव्हारे गेले, आरत्या गेल्या. मग भीमगीतात कापूर कसा?” प्रश्न चोख होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला. आमचे आजोबा चांद्याला गेले होते. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून निर्गुडा नदीत सोडले. तेव्हा आत्याबाई तेरा वर्षांच्या होत्या. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच आत्याबाई आता म्हणाल्या, “कापूर देवाचा कायले असन? कापूर झाडाचा असते. लाकूड जळलं त कोळसा राह्यते. कोळसा जळला त राख राह्यते. कापूर जळल्यावर मांग काय राह्यते सांग बरं?”

पुतण्या म्हणाला, “काहीच नाही.”

“तेच त सांगते वामनदादा. बाबासाहेबानं सोतासाठी राखही ठेवली नाई.”

आम्ही सगळे गप्प झालो. मधुमेहानं पोखरलेलं शरीर, पाय साथ देत नाहीत, डोळे थकलेले, आणि ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री हा माणूस दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद हातावेगळे करतो आहे. सकाळी पाहतात तो देह थंड. ग्रंथ छापून आला तो १९५७ साली. जाळून घेणं म्हणतात ते हेच. दीक्षेनंतर पुरते दोन महिनेही मिळाले नाहीत. हे सगळं वामनदादांनी एका कापरात बसवलं. ज्या वस्तूनं लोक दगडासमोर ओवाळीत होते, ती वस्तू उचलून त्यांनी माणसाच्या कष्टाला लावली.

दुसरं कुलूप दिव्याचं. वादळात तेवणाऱ्या दिव्यांचं त्यांचं गाणं आपल्या पोरापोरांना पाठ आहे. पण वादळात दिवा टिकतो कसा? एक फुंकर पुरते. आत्याबाईंचं म्हणणं असं, की गाण्यात दिवा एक नाही, पुष्कळ आहेत, आणि ते दिवे म्हणजे आपण आहोत. “त्यात ‘मी’ नाई बापा, ‘आमी’ हाय.” आमचे आतोबा जमिनीखालच्या कोळसा खाणीत कामाला होते. टोपीला दिवा लावून खाली उतरत. ते सांगायचे, एकट्याच्या दिव्यानं आपल्या नाकापुढचं हातभर दिसते. गँग सोबत असली की सगळी वाट उजळते, आणि एकाचा दिवा गेला तर दुसऱ्याच्या उजेडात त्याला बाहेर आणता येते. आतोबांनी गाण्याचा अर्थ कधी सांगितला नाही. खाणीचा सांगितला. तोच गाण्याचा निघाला.

विहारात येणाऱ्या भन्तेजींकडून आम्ही पालीतली एक गोष्ट ऐकली होती. स्वतःच स्वतःचा दीप होऊन राहा, असा उपदेश तथागतांनी अखेरच्या दिवसांत केला. पाली भाषेत ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक दिवा आणि दुसरा बेट. चहूकडं पाणी खवळलेलं असताना पाय टेकायला जी कोरडी जमीन मिळते ते बेट. आता वादळातले दिवे म्हणून पाहा. ते उजेडही देतात आणि आसराही देतात. वामनदादांना हे पाली ठाऊक होतं की नव्हतं, तो प्रश्न नाही. सुतापासून सूत लागतं ते असं.

तिसरं कुलूप आम्हाला फार दिवस उघडत नव्हतं. देशातल्या धनिकांना उभं करून आमचा वाटा कुठं आहे, असं विचारणारं वामनदादांचं गाणं प्रसिद्ध आहे. त्यात बिर्ला आहेत, टाटा आहेत. ते ठीक. पण त्यांच्या जोडीला बाटा कशाला? बाटा म्हणजे चपला-बुटांची कंपनी. पुतण्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं, की ही मूळची भारतातली नव्हेच. टोमाश बाटा नावाच्या माणसानं १८९४ साली आजच्या चेक देशातल्या झ्लिन गावी ती काढली आणि १९३१ च्या सुमारास ती बंगालात आली. तो म्हणाला, “यमक जुळते म्हणून घातला असन. बाटा आणि वाटा.”

यमक आहेच. पण आत्याबाई हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “जोडा कायचा असते?”

“चामड्याचा.”

“चामडं कोन काढे?”

आमच्या पणजोबांपर्यंत गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं आपल्याच माणसांकडं होतं. बाबासाहेबांनी सांगितलं, हे काम सोडा, उपाशी राहा पण सोडा. आपल्या लोकांनी सोडलं, त्यापायी कित्येक गावांत मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्या चामड्याला जो हात लागे तो हात अस्पृश्य. तेच चामडं कारखान्यात जाऊन, पॉलिश होऊन, काचेच्या कपाटात बसलं की त्याला शिवायला कुणाची हरकत नाही. उलट पैसे मोजून पायात घालतात. ढोर ओढणाऱ्याच्या अंगाला विटाळ चिकटला आणि जोडा विकणाऱ्याच्या गल्ल्यात नफा पडला. वाटा कुठं गेला, हा प्रश्न मग यमकाचा उरत नाही. बिर्ला-टाटांच्या ओळीत बाटा आला, तो आपल्या घरापासूनचा हिशेब घेऊन आला.

हिशेब आत्याबाईंना पक्का कळतो. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. बोंडाच्या टोकांनी बोटं रक्ताळत. संध्याकाळी वजन करून मजुरी. वणीचा बाजार कापसाच्या गाड्यांनी भरे, लोक त्याला पांढरं सोनं म्हणत. “सोनं आमी येचलं अना फुटका मनी आमच्या गळ्यात,” असं त्या म्हणतात. हे काही वामनदादांच्या गाण्यात नाही. पण गाणं ऐकल्याशिवाय हे त्यांच्या तोंडून कधी निघालंही नव्हतं.

वामनदादांच्या मनात नेमकं हेच होतं, असा दावा आम्ही करीत नाही. कवीच्या मनातलं कवी जाणे. पण गाणं जसं रचणाऱ्याचं असतं, तसं ते ऐकणाऱ्याचंही असतं. ज्यानं कापूस वेचला, ज्यानं खाणीत दिवा नेला, त्याच्या कानात ते वेगळं वाजतं. विद्यापीठात डिलनचे वर्ग भरतात ते भरोत. आपल्याकडं हा वर्ग अंगणात गहू निवडता निवडता भरतो, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. वामनदादा पुष्कळ गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात. संतांच्या अभंगात असते तशी ती नाममुद्रा. या नावातही एक गंमत आहे. पुराणातल्या वामनानं बळीराजाच्या डोक्यावर पाय ठेवून त्याला पाताळात घातलं, असं सांगतात. जोतिबांनी त्या बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभं केलं. आणि आपल्या या वामनानं काय केलं? पाताळात घातलेल्या माणसांना हात देऊन वर काढलं. नाव तेच, काम उलटं. पण आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाणं वाजतं ते धृपद आणि एक कडवं. ठेका वाढवतात, तेच तेच फिरवतात आणि शेवटचं कडवं येण्याआधी पुढचं गाणं सुरू होतं. म्हणजे नेमकं कवीचं नावच कापलं जातं. मोबाइलवर गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव दिसतं, डीजेवाल्याचं नाव दिसतं, रचणाऱ्याचं पुष्कळदा दिसत नाही. ज्या माणसानं दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं मिळवली, त्याचं नाव आपण पुसू द्यायचं काय?

पोरांनी नाचू नये, असं आम्ही म्हणत नाही. खुशाल नाचा. ज्यांच्या आजोबांना मान वर करून रस्त्यानं चालता येत नव्हतं, त्यांची नातवंडं भर चौकात नाचतात, याचा आनंद आम्हालाही आहे. पण नाचून दमलात की घटकाभर म्हाताऱ्या माणसापाशी बसा.

कारण आमच्या आत्याबाईंचं आता विसरणं सुरू झालं आहे. नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात. जेवल्या की नाही ते आठवत नाही. गाणी मात्र पक्की होती. या पावसाळ्यात पहिल्यांदा एका गाण्याचं कडवं दुसऱ्या गाण्यात गेलं. त्या मधेच थांबल्या, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “हे असं नाई. पन कसं होतं?” आम्हालाही ठाऊक नव्हतं. पुस्तकात पाहिलं, ते गाणं तिथं नव्हतं.

तेव्हापासून घरात एक दोनशे पानी वही केली आहे. सून लिहिते, पुतण्या सुटीत येतो तेव्हा मोबाइलवर आवाज भरून ठेवतो. डाव्या पानावर गाणं, जसं त्या म्हणतात तसं. उजव्या पानावर त्यांनी सांगितलेला अर्थ, त्यांच्याच बोलीत. शेवटचं कडवं आठवलं नाही तर जागा कोरी सोडायची आणि शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारायचं. अशा दोन कोऱ्या जागा भरल्या, तीन अजून रिकाम्या आहेत.

आमची सगळ्यांना विनंती आहे. आपापल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक गाणं घ्या. एकच. पुरं म्हणा, शेवटच्या कडव्यापर्यंत, कवीच्या नावासकट. मग ज्येष्ठांना विचारा, यात हा शब्द का आला. लेकरांना ऐकू द्या, त्यांनाही प्रश्न विचारू द्या. वही ठेवा. खर्च काही नाही.

घरातल्या बाया कापूर उघडा ठेवत नसत. उघडा ठेवला तर न जळताच उडून जातो. म्हणून डबीत मिऱ्याचे चार दाणे टाकून झाकण घट्ट लावीत. गाण्याचंही तसंच आहे. बाबासाहेबांचा कापूर जळून उजेड देऊन गेला. आपल्या हाती जो उरला आहे तो नुसता उडून जाऊ नये.

जयभीम!